तिकीट आणि वर्गणी

७ मार्च २०१८. पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना होता, एफसी पुणे सिटी विरुद्ध बंगळुरू एफसी. चार मोसमांच्या वाटचालीत पुण्याचा हा क्लब पहिल्यांदाच इतका पुढे आला होता. 'ऑरेंज आर्मी' नावाची चाहत्यांची फळी ढोल, झेंडे आणि घसे घेऊन स्टँडमध्ये उभी होती. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल मारले, पुण्याला एकच जमला आणि ३-१ अशा निकालावर मोसम संपला. हरल्याचं दुःख होतंच, पण त्यात एक समाधानही होतं. आता कुठे आपला संघ उभा राहतोय, पुढच्या वर्षी अंतिम सामना, असा हिशेब पुण्याचा चाहता मनाशी मांडत होता.

दीड वर्ष उलटायच्या आत पुण्यात तो क्लबच उरला नाही. ऑगस्ट २०१९मध्ये लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. तिथे तिने एकदा विजेतेपद मिळवलं, मग तीही घडी विस्कटली आणि २०२५मध्ये तीच जागा दिल्लीला पोचली. अकरा वर्षांत तीन शहरं. या प्रत्येक शहरात चाहते मालकाच्या खर्चावर भांडले, प्रशिक्षकाच्या निवडीवर भांडले, आणि प्रत्येक वेळी निर्णय झाला तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही.

ही गोष्ट मी हिंगोलीत बसून लिहितो आहे. आमच्या जिल्ह्यात फुटबॉलचा व्यावसायिक क्लब नाही. पण पुणे आणि हैदराबाद या दोन्ही शहरांशी आमचं नातं आहे. पुण्यात आमची पोरं शिकायला जातात, स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांत वर्षं काढतात, नोकरीला लागतात. हैदराबाद ही आमच्या आजोबा-पणजोबांची राजधानी. हिंगोलीची छावणी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची होती, आणि १९०३मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन होईपर्यंत या गावाची ओळख लष्करी ठाणं अशीच होती. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, आणि १ मे १९९९ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्यामुळे पुण्याचा क्लब हैदराबादला गेला ही बातमी इथे वाचताना आमच्या एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात गेल्यासारखी वाटली. पण थोडं खोलात गेल्यावर कळलं की ती वस्तू पुण्याचीही नव्हती आणि हैदराबादचीही नव्हती.

वस्ताद आणि खुराक

मराठवाड्यातल्या माणसाला क्लब, मालक आणि प्रशिक्षक यांचं भांडण समजावून सांगायला फुटबॉलची गरज नाही. जत्रेतल्या कुस्तीच्या फडाभोवती बसलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच बोलत आली आहेत. हा पैलवान कुणाच्या तालमीतला, त्याचा वस्ताद कोण, खुराकाला पैसा कोण लावतो, बाहेरचा मल्ल आणून जोड लावली ती बरोबर की गावच्या पोराला संधी द्यायला हवी होती? फडाच्या कडेला बसलेला शेतकरी या प्रश्नांवर हक्काने बोलतो, आणि त्या हक्कामागे कारण असतं. जत्रेच्या कुस्त्यांची इनामं बहुतेक गावांत वर्गणीतून उभी राहतात. ज्याने एकावन्न रुपये दिले त्यालाही पंचाला जाब विचारता येतो. खर्च कसा झाला हे जत्रा संपल्यावर पारावर बसून वाचून दाखवावं लागतं.

वर्गणी हा शब्द मी या लेखात पुन्हा पुन्हा वापरणार आहे. पैसे देऊन बघायला येणारा आणि पैसे देऊन भागीदार होणारा यांच्यातला फरक त्या एका शब्दात सामावलेला आहे.

एका प्रशिक्षकाची तेरा वर्षं

आमच्या जुन्या राजधानीने भारतीय फुटबॉलला जे दिलं ते आधी आठवलं पाहिजे. सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. १९४३मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५०मध्ये हैदराबाद सिटी पोलिस या संघाचे प्रशिक्षक. त्याच वर्षी या संघाने ड्युरँड करंडक जिंकला. मुंबईत रोव्हर्स करंडकाची स्पर्धा भरे, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा करंडक हैदराबादच्या पोलिसांनी नेला. ती पाचही वर्षं हिंगोली हैदराबाद राज्यात होती. म्हणजे मुंबईत येऊन करंडक नेणारा तो संघ तेव्हाच्या हिंगोलीकरांच्या स्वतःच्या राज्याचा होता.

हा संघ पोलिस खात्याचा होता. खेळाडू खात्यात नोकरीला होते, पगार खात्याचा होता. आजच्या भाषेत खातं हाच मालक. या मालकाकडे परदेशी खेळाडूंसाठी पैसा नव्हता. त्याने एकच गोष्ट केली, प्रशिक्षकाला वेळ दिला. रहीम १९५०पासून ११ जून १९६३ला मृत्यू येईपर्यंत या संघाचे प्रशिक्षक राहिले. तेरा वर्षं एक माणूस, एक पद्धत. त्याच काळात ते भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने १९५१ आणि १९६२च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं, आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन हे मोहरे याच शहराच्या मैदानांतून पुढे आले.

पुढे जे घडलं ते वाचताना ही तेरा वर्षं ध्यानात ठेवावीत.

कंपनीची हौस, कंपनीची मर्जी

महाराष्ट्रात खात्याची जागा कंपन्यांनी घेतली. मुंबईत महिंद्र अँड महिंद्रचा संघ १९६२ साली सुरू झाला. २००० साली त्याचं नाव महिंद्र युनायटेड झालं. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना या संघाने २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्रातल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. अवघ्या चार वर्षांनी, २०१०मध्ये, कंपनीने संघ बंद केला. अठ्ठेचाळीस वर्षांचा क्लब एका निर्णयात संपला. संघ कर्जात बुडाला नव्हता की तळाला घसरला नव्हता. कंपनीने आपला पैसा कुठे घालायचा हे ठरवलं आणि फुटबॉल त्या यादीतून गेला.

पुण्यातला अनुभव याहून निराळा नाही. अशोक पिरामल समूहाने २००७मध्ये पुणे एफसी काढला. हा क्लब नीट, पायरी-पायरीने बांधला गेला. २००९-१०मध्ये देशाच्या आय-लीग स्पर्धेच्या पहिल्या फळीत आला आणि पहिल्याच मोसमात तिसरा आला. पुढे डेरिक परेरांच्या हाताखाली २०१२-१३मध्ये तो उपविजेता ठरला. त्याने मुलांसाठी अकादमी उभारली आणि तिथून निघालेली पोरं देशभर खेळू लागली. केरळचा आशिक कुरुनियन हा पुढे भारताकडून खेळलेला विंगर याच अकादमीत वाढला. पैसा मापात होता, प्रशिक्षकाला वेळ होता, पायाभरणी होती. तरीही २०१५मध्ये मालकांनी हात काढून घेतला. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये एकच मोसम खेळला, तळाला राहिला आणि तोही गेला. डीएसके समूहाच्या शिवाजियन्स क्लबने इंग्लंडच्या लिव्हरपूलबरोबर अकादमी काढली, २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन मोसम आय-लीग खेळली. मग तो समूह ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात अडकला, आणि क्लबचं नाव मोठ्या स्पर्धांतून पुसलं गेलं.

काही वर्षांच्या अंतरात एका शहराने तीन क्लब गमावले. त्यांतल्या एका मालकाने काळजीपूर्वक खर्च केला, दुसऱ्याने घाईने, तिसऱ्याने मोठं नाव जोडून. शेवट तिघांचाही सारखाच झाला. मालकाने पैसा कसा वापरला या प्रश्नावर चाहते भांडत राहिले, पण मालक निघून गेला तर क्लबचं काय, हा त्याच्याही आधीचा प्रश्न विचारण्याची सोयच कुठे नव्हती.

मोठी नावं

या पडझडीच्या काळातच, २०१४ साली, इंडियन सुपर लीग सुरू झाली. क्लब तालमीतून किंवा पेठेतून वर येण्याऐवजी शहरासाठी जागा विकत घ्यायची आणि मग तिथे संघ उभा करायचा, अशी ही रचना. पुण्याची जागा वाधवान समूहाने घेतली. घरबांधणीला कर्ज देणाऱ्या दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, या कंपनीमागे हेच घराणं होतं. अभिनेता हृतिक रोशन सहमालक झाला, इटलीच्या फिओरेंतिना क्लबशी भागीदारी जाहीर झाली.

सुरुवातीच्या मोसमांत प्रत्येक संघाने एक जगप्रसिद्ध खेळाडू घ्यावा अशी लीगची अपेक्षा होती. पुण्याने पहिल्या वर्षी फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे आणला. १९९८चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला खेळाडू, आणि २००० साली युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विजयी गोल मारणारा. प्रशिक्षक होते इटलीचे फ्रांको कोलोंबा. १८ ऑक्टोबर २०१४ला मुंबई सिटीने पुण्याला ५-० असं हरवलं. दुसऱ्याच सामन्यातला हा मार पुण्यात दीर्घकाळ आठवला गेला, आणि तिथूनच भांडणाचा पहिला धागा निघाला. कारकिर्दीच्या उतरणीवरच्या मोठ्या नावावर पैसा घालायचा की पंचविशीतल्या धावणाऱ्या पायांवर? त्रेझेगे आला म्हणून स्टेडियम भरतं, वर्तमानपत्रात फोटो येतो, मुलं शर्ट मागतात, हे एका बाजूचं म्हणणं. त्याच पैशात मधल्या फळीत चार दणकट खेळाडू आले असते, हे दुसऱ्या बाजूचं. दोन्ही बाजूंना आपला मुद्दा सिद्ध करायला पुरेसे पुरावे मिळत राहिले, कारण पुणे तेव्हा सहाव्या क्रमांकावर अडकलं.

२०१५मध्ये इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक झाले, रुमानियाचा एड्रियन मुतू मोठं नाव म्हणून आला. संघ आठात सातवा. २०१६मध्ये अंतोनियो लोपेस हबास आले. दोन वर्षांपूर्वी कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून देणारे ते प्रशिक्षक. आधीच्या मोसमातल्या शिक्षेमुळे सुरुवातीचे सामने त्यांना बाकावर बसता आलं नाही. आइसलँडच्या आयदुर गुडयोनसनला घेतलं होतं, तो मोसम सुरू होण्याआधीच जखमी झाला, आणि त्याच्या जागी मालीचा मोहम्मद सिसोको आला. पुणे पुन्हा सहावं.

प्रत्येक मोसमाला नवा प्रशिक्षक, त्याच्याबरोबर नवी भाषा, नवी मांडणी, नवे परदेशी. ज्या शहरात एक चांगला वस्ताद मिळाला की तालीम तीन पिढ्या त्याच्या नावाने ओळखली जाते, त्या शहराच्या संघाला आपली खेळायची पद्धतच सापडत नव्हती.

जुळून आलेलं एक वर्ष

२०१७मध्ये लीग लांबली, संघ दहा झाले. हृतिक रोशन बाहेर पडला आणि अर्जुन कपूर सहमालक म्हणून आला. हबास मोसमाआधीच गेले, सर्बियाचे रान्को पोपोविच आले. या वेळी क्लबने निवृत्तीकडे झुकलेल्या जागतिक नावापेक्षा याच लीगमध्ये पाय रोवलेले खेळाडू निवडले. आदल्या मोसमात दिल्लीकडून सर्वाधिक गोल मारणारा ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि आधी गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट संघात खेळलेला उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो ही जोडी पुढे लागली. ३० डिसेंबर २०१७ला नॉर्थईस्टविरुद्ध पुणे ५-०ने जिंकलं आणि त्यात मार्सेलिन्योचे तीन गोल होते. पुणे एफसीच्या अकादमीतली पोरं, त्यांत आशिक कुरुनियन, आता या क्लबकडे आली होती. गेलेल्या क्लबने पेरलेलं दुसऱ्या क्लबच्या अंगणात उगवत होतं.

खर्च तोच, पण जागेवर पडलेला. पोपोविच तापट होते, मैदानावरच्या वागण्यामुळे त्यांच्यावर कारवाईही झाली. पण संघाला चेहरा मिळाला. चौथा क्रमांक, उपांत्य फेरी, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली ती बालेवाडीची रात्र. मालकाच्या बाजूने बोलणाऱ्यांना आता आधार मिळाला होता: थोडा धीर धरा, शिकताहेत, बघा जमलं की नाही. विरोधात बोलणाऱ्यांची मागणीही साधी होती: जमलंय ते मोडू नका, हाच प्रशिक्षक ठेवा, हीच जोडी ठेवा. त्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंचे चाहते पहिल्यांदाच एकाच गोष्टीची वाट बघत होते.

२०१८चा उन्हाळा आणि पुढचं वर्ष

पोपोविच गेले. त्यांच्या जागी ब्राझीलच्या मार्कोस पाकेता यांचं नाव जाहीर झालं. २००३मध्ये ब्राझीलच्या सतरा आणि वीस वर्षांखालच्या दोन्ही संघांना जगज्जेतेपद मिळवून देणारे हे प्रशिक्षक. पण मोसम सुरू होण्याआधीच ते मायदेशी बोताफोगो क्लबकडे परतले. पुण्याच्या बाकावर ते एकदाही बसले नाहीत. मग मिगेल आंखेल पोर्तुगाल आले. आदल्या मोसमात त्यांचा दिल्लीचा संघ दहात आठवा आला होता. चौथ्या आलेल्या संघाने आठव्या आलेल्या संघाचा प्रशिक्षक का घ्यावा, हा प्रश्न चाहत्यांनी विचारणं स्वाभाविक होतं. पहिल्या तीन सामन्यांत एक बरोबरी आणि दोन पराभव पदरात पडले, आणि ऑक्टोबर २०१८ सरायच्या आत त्यांना जावं लागलं. काही आठवडे प्रद्युम्न रेड्डींनी संघ सांभाळला. डिसेंबरमध्ये, २००८ साली हल सिटीला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नेणारे फिल ब्राऊन आले. मोसम सातव्या क्रमांकावर संपला.

पाच मोसमांत सात प्रशिक्षक, आणि आठवा ज्याला संघाने मैदानावर पाहिलंच नाही. रहीमसाहेबांची तेरा वर्षं इथे आठवतात. एका वस्तादाच्या हाताखाली पोरगं दोन-तीन पावसाळे काढतं तेव्हा त्याच्या अंगात डाव उतरतो. दर हंगामाला वस्ताद बदलणाऱ्या तालमीत इनाम कितीही मोठं लावलं तरी चांगला मल्ल तयार होत नाही. पुण्याच्या चाहत्यांचं मालकाशी खरं भांडण हेच होतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं असं मला ठामपणे वाटतं.

पण तोवर भांडणाचं मैदानच सरकत होतं. सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेने हप्ते थकवले आणि कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्यांना पैसा मिळेनासा झाला. डीएचएफएल त्या वादळात सापडली. मालकाची तिजोरी आटली तशी क्लबची पगाराची वही अडखळू लागली. ऑगस्ट २०१९मध्ये एफसी पुणे सिटी लीगमधून बाहेर पडला, जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे, विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरनेनी यांच्याकडे गेली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं.

गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदातलं छिद्र बालेवाडीच्या गवतापर्यंत पोचलं. चाहते पाच वर्षं प्रशिक्षकावर आणि परदेशी खेळाडूंवर वाद घालत होते, आणि क्लब शेवटी गेला तो त्यांच्यापैकी कुणालाही न दिसणाऱ्या हिशेबामुळे.

आजोबांच्या राजधानीत

हैदराबाद एफसी २७ ऑगस्ट २०१९ला जन्मला. पुण्याचे काही खेळाडू आणि प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडे गेले. २५ ऑक्टोबरला पहिल्याच सामन्यात कोलकात्याच्या एटीकेने त्यांना ५-० असं हरवलं. पुण्याच्या चाहत्याला पाच वर्षांपूर्वीचा आपला मार आठवला असणार. जानेवारी २०२०मध्ये ब्राऊन गेले आणि संघ तळाला राहिला. जागा बदलली तशी सवयही बरोबर आली, असं वाटावं अशी ती सुरुवात होती.

पण मग स्पेनचे मानोलो मार्केझ आले आणि मालकांनी त्यांना वेळ दिला. २०२०-२१मध्ये पाचवा क्रमांक. २०२१-२२मध्ये नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे १८ गोलांसह लीगचा सर्वोच्च गोलकर्ता ठरला, आणि २० मार्च २०२२ला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना झाला. केरळ ब्लास्टर्स पुढे होते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होराने बरोबरी साधली. पेनल्टींमध्ये गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हैदराबाद विजेतं झालं. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. मराठी आणि कोंकणी मुलखातली पोरं हैदराबादच्या शर्टात करंडक उचलत होती, आणि जी जागा पुण्यात पाच वर्षं हातपाय मारत होती तिला अवघ्या तिसऱ्या मोसमात यश मिळालं होतं. फरक एकाच गोष्टीत दिसतो. एक प्रशिक्षक सलग राहिला.

तरीही शेवट बदलला नाही. २०२३मध्ये मार्केझ गोव्याला गेले. पैसा पुन्हा आटला. पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, जागतिक फुटबॉल संघटनेने नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली, आणि दोन वर्षांपूर्वीचा विजेता २०२३-२४मध्ये तरुण पोरांच्या बळावर कसाबसा खेळत तळाला गेला. हैदराबादच्या गच्चीबावली मैदानाच्या स्टँडमध्ये तोच वाद, तेच प्रश्न. २०२४मध्ये बीसी जिंदाल समूहाने क्लब घेतला, आणि २०२५मध्ये ती जागा दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाली. रहीमसाहेबांच्या शहरातून देशाच्या अव्वल लीगचा क्लब गेला.

म्हणजे या एका जागेने खर्चाचा प्रत्येक प्रकार पाहिला. मोठी नावं पाहिली, शहाणी निवड पाहिली, घाईने बदललेले प्रशिक्षक पाहिले, धीराने सांभाळलेला प्रशिक्षक पाहिला, विजेतेपदसुद्धा पाहिलं. चांगल्या निर्णयांनी करंडक मिळाला. शहरात मुळं मात्र त्यांनीही रुजली नाहीत.

पेठेचा क्लब

याच महाराष्ट्रात दुसरी वाट आहे आणि ती कोल्हापुरातून जाते. तिथे फुटबॉलचे संघ तालमींचे आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. कुस्तीच्या आखाड्याशेजारीच फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने असले की आख्ख्या पेठा लोटतात. तिथेही खर्चावरून जुंपते. नायजेरियातून खेळाडू आणायला लागले तेव्हा पेठेच्या पोराचं काय, असा प्रश्न उठला. प्रशिक्षकाला दोष दिला जातो, चालकांना धारेवर धरलं जातं, कधी दोन पेठांमधला वाद हमरीतुमरीवर येतो आणि त्याची किंमत खेळाला मोजावी लागते. पैसा तोकडा आहे, मैदानं अपुरी आहेत, आणि अनिकेत जाधवसारख्या पोराला पुढची पायरी गाठायला कोल्हापूर सोडावंच लागतं.

पण एक गोष्ट तिथे होऊ शकत नाही. पाटाकडील तालीम उद्या कुणी उचलून दिल्लीला नेऊ शकत नाही. तिची जागा विकता येत नाही, कारण ती कुणा एकाच्या नावावर नाही. पेठेतल्या घराघरांतून वर्गणी गेलेली असते, गणपतीत मंडप घालणारे हात तेच असतात, आणि चालकाला रोज त्याच गल्लीतून जावं लागतं.

जगातही हे नवं नाही. लंडनचा विम्बल्डन क्लब मालकांनी मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात न्यायचा ठरवला, तेव्हा चाहत्यांनी २००२मध्ये आपसांत पैसे गोळा करून एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात करून २०११मध्ये तो इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२०मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या वस्तीतल्या नव्या मैदानावर परतला. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मतं सदस्यांकडे राहतील असा नियमच आहे. लंडनच्या चाहत्यांनी जे केलं त्याला आमच्याकडे जुना, साधा शब्द आहे. त्यांनी वर्गणी काढली.

हिशेब कुणाला मागायचा

मालक वाईट असतात असं म्हणायला मी हे लिहिलेलं नाही. महिंद्रांनी अठ्ठेचाळीस वर्षं संघ पोसला. पिरामलांच्या अकादमीने पोरं घडवली. वाधवानांच्या पैशाने पुण्याने उपांत्य फेरी पाहिली. हैदराबादच्या मालकांनी करंडक आणला. त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण जो क्लब एका माणसाच्या किंवा एका कंपनीच्या भरभराटीवर उभा असतो तो तिच्या पडत्या काळात पडतोच, आणि त्या दिवशी स्टँडमधल्या माणसाच्या हातात फक्त तिकिटाचा तुकडा असतो. तिकीट त्याला नव्वद मिनिटं बसायला देतं. प्रशिक्षक कुणाला नेमलं, पगार का थकले, जागा कुणाला विकली, हे विचारायचा अधिकार तिकिटाने मिळत नाही. तो अधिकार वर्गणीने मिळतो.

पुण्याच्या ऑरेंज आर्मीने पाच वर्षं जे भांडण केलं ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. मालकाच्या प्रत्येक निवडीवर ते बोलले, ओरडले, रात्र-रात्र जागले. क्लब आपला आहे असं समजल्याशिवाय कुणी इतकं भांडत नाही. ते समजणं खरं होतं, कागदपत्रं मात्र त्याच्या बाजूची नव्हती. उद्या महाराष्ट्रात पुन्हा कुणी फुटबॉलचा क्लब काढेल, पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, कदाचित नांदेडला, तर त्याच्या घटनेत पहिल्या दिवसापासून चाहत्यांचा वाटा लिहिलेला असावा. लहान असला तरी चालेल, पण शहराबाहेर न्यायचं झालं तर ज्यांच्या सहीशिवाय पान हलणार नाही असे ते वाटेकरी असावेत.

आमच्याकडे जत्रा संपते, फड रिकामा होतो, आणि संध्याकाळी पारावर वही उघडली जाते. कुणी किती दिलं, कुठल्या कुस्तीला किती इनाम गेलं, बाहेरच्या मल्लाच्या येण्या-जाण्याला किती लागले, शिल्लक किती. मागच्या रांगेतून एखादा म्हातारा उठून विचारतो, त्या जोडीला एवढे का दिले? आणि वही वाचणाऱ्याला थांबून उत्तर द्यावं लागतं. बालेवाडीच्या आणि गच्चीबावलीच्या स्टँडमधला प्रश्न त्या म्हाताऱ्याचाच होता. थांबून उत्तर देणारं तिथे कुणी नव्हतं.